परतल्याची वेळ

तळाशीलला एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी,
मधे आमची सोसायटी, आणि सोसायटीत हा संगणक.
चालू व्हायला एक कप चहा आणि अर्धी चपाती घेतो,
असं मी वार्षिक सभेत म्हटलं तेव्हा सगळे हसले.
नवा घ्यायचा ठराव मात्र
डिझेलच्या थकबाकीखाली जाऊन बसला.

म्हणून मालवणहून आग्नेल आला. छत्री मोडलेली,
पेनड्राइव्ह दोन पिशव्यांत गुंडाळलेला,
बाबा होडीवर काडेपेटी न्यायचे तसा.

आधी स्क्रू काढले. एक हिरवा पडून तिथंच रुतलेला,
तो राहू दे म्हणाला.
आत बारीक रेती, पालीची दोन अंडी, त्यातलं एक फुटकं,
आणि पत्र्यावर पंधरा दसऱ्यांचं गंध,
एकावर एक, खवल्यांसारखं.
"पूजा झाली दिसता," तो म्हणाला. "अपडेट नाय झालो."

"विंडोज आता ह्येका झेपणा नाय. लिनक्स घालूया. फुकट आसा."
फुकट म्हटल्यावर चेअरमन तांडेल खुर्ची पुढे ओढतात.
"फुकट गावलेली होडी तळात बघून घी," एवढंच बोलले.

"काय ठेवचा ता आत्ताच सांगा. मगे गावाचा नाय."

मी बघत बसले. रापणीचे वाटे.
खात्याला पाठवलेली पत्रं, न पाठवलेली पत्रं.
'अंतिम', 'अंतिम खरं', 'अंतिम तांडेलांनी बघितलेलं'.
एका लग्नाचे एकशे बारा फोटो; लग्न मोडून तीन वर्षं झाली.
पत्त्यांचा डाव, अर्ध्यावर.

आणि मेघश्याम कुबलांचं रजिस्टर.
माझ्याआधी या खुर्चीत अकरा वर्षं ते.
होडीचं नाव, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. रोज.
एका ओळीत शेवटचा रकाना रिकामा.
दुसऱ्या दिवशी ती होडी त्यांनी पुन्हा लिहिली,
निघाल्याची वेळ तीच, आदल्या दिवसाची,
शेवटचा रकाना रिकामा. तिसऱ्या दिवशीही.
बंदी लागली, एकही होडी पाण्यात नाही,
तरी पानावर ती एक ओळ.
मी खाली सरकत गेले. बोट दुखायला लागलं.
हिशेब तपासनीसानंही कधी विचारलं नसेल,
किंवा विचारलं असेल आणि कुबल चष्मा पुसत बसले असतील.

हे घेतलं.
मग आग्नेल म्हणाला, "पुसू?"
यंत्रही विचारत होतं, चक्क मराठीत:
सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचे?
मी बटण दाबलं, एका बोटानं,
कुबल टाइप करायचे तसं.

पट्टी सरकू लागली. त्रेसष्टवर लाइट गेली.
इन्व्हर्टरला तांडेलांच्या होडीची बॅटरी जोडलेली, म्हणून वाचलो.
होडी बाहेर झापांखाली शाकारलेली,
बॅटरीला तेवढं काम मिळालं.
मग संगणकाचं नाव विचारलं त्यानं.
होडीला नाव असतं, याला कधी नव्हतं.
आग्नेल माझ्याकडे बघत राहिला. मी 'सोसायटी' लिहिलं.

चहा ओतेपर्यंत चालू झाला. चपातीची गरजच नाही.
मी आधी रजिस्टर उघडलं.
फॉन्ट जुना होता, तो तिकडेच राहिला.
कुबलांचं सगळं मराठी
टोपीवाल्या ए-मध्ये, डॉलरच्या खुणांत, अर्ध्या कंसांत.
होड्यांची नावं गेली, वेळा गेल्या.
"फॉन्ट घातल्यार येतला," आग्नेल म्हणाला. "सांजेक घालतंय."

तांडेल मागे येऊन उभे होते.
चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस ओळखत नाही,
आणि चष्मा घरी.
बोट पडद्याला न लावता
त्यांनी शेवटच्या रकान्यावरून खाली खाली आणलं.

"ह्या दिसता माका," म्हणाले.

मी उठले. त्यांना खुर्ची दिली.